दोन सेकंदांची सवलत

पाण्यातून एखादी वस्तू ओढली की ती मागे रेंगाळते. कष्ट ओढणाऱ्याचे, ऊब मात्र पाण्याला. पाण्याने ती ऊब परत करून वस्तूला पुढे ढकललं, असं कधी होत नाही. ऊष्मागतिकीच्या, म्हणजे उष्णतेच्या शास्त्राच्या, दुसऱ्या नियमाला ते मान्यच नाही.

२००२ साली कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत मात्र नेमकं हेच दिसलं. ६.३ मायक्रोमीटर व्यासाचा, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक असा लेटेक्सचा मणी संशोधकांनी पाण्यात लेझरच्या चिमट्यात धरला आणि सेकंदाला जेमतेम सव्वा मायक्रोमीटर इतक्या धीम्या गतीने ओढला. बहुतेक खेपांना मणी मागे राहिला. पण काही खेपांना तो चिमट्याच्याही पुढे गेला! पाण्यातल्या उष्णतेने फुकटात काम करून दिलं होतं. असे उलटे प्रकार थेट दोन सेकंदांपर्यंतच्या अवधीत सापडले. रेणूंच्या हिशेबात दोन सेकंद म्हणजे युगंच.

शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘उल्लंघन’ हा शब्द होता. मला तो जरा भडक वाटतो. दुसरा नियम सरासरीचा आहे, आणि मोजक्या रेणूंच्या बाबतीत तो सतत मोडत असतो, हे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. मण्यावर चहूबाजूंनी रेणू आदळत असतात. क्षणभर एका बाजूचे धक्के भारी पडले, की मणी तिकडे सरकतो.

नवं होतं ते त्याचं गणित. १९९३ साली एव्हान्स, कोहेन आणि मॉरिस यांनी मांडलेल्या चढउतारांच्या सूत्रातून उलट्या घटनेची शक्यता काढता येते. एन्ट्रॉपी म्हणजे विस्कळीतपणाचं माप; दुसऱ्या नियमानुसार ती सरासरीने वाढते. ती बोल्ट्समन स्थिरांकाच्या, म्हणजे रेणूंच्या पातळीवरच्या तिच्या मापाच्या, १ पट वाढण्याची शक्यता तेवढीच घटण्याच्या सुमारे २.७ पट असते. १० पट बदलासाठी हेच गुणोत्तर २२ हजारांवर जातं. १०० पटीला ते लिहायला ४४ आकडे लागतात. असंख्य रेणूंच्या चहाच्या कपाचं तर बोलायलाच नको.

मग उलटे क्षण तेवढे टिपून त्यांच्यावर इंजिन चालवावं का? टिपायचं तर नोंद ठेवावी लागते, आणि कधीतरी ती पुसावीही लागते. एक बिट, म्हणजे ० किंवा १ एवढी नोंद, पुसायला खोलीच्या तापमानाला किमान ३ × १०⁻²¹ ज्यूल उष्णता सोडावी लागते, असं भौतिकशास्त्रज्ञ लँडॉवरने १९६१ साली दाखवलं. २०१२ साली फ्रान्समध्ये लियाँच्या प्रयोगशाळेत हे पडताळलं गेलं, तेही पुन्हा लेझरमध्ये धरलेल्या मण्यावरच. बिट जितका सावकाश पुसावा, तितका खर्च त्या किमान आकड्याजवळ येत गेला. एखाद्या खेपेला तो त्याखालीही घसरतो; सरासरी मात्र घसरली नाही.