सोर्स कोड मिळणे आणि तो यंत्रात चालवता येणे

आपण विकत घेतलेल्या यंत्रातले कंपनीचे सॉफ्टवेअर काढून त्याजागी दुसरे टाकण्याचा विषय निघाला की, सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा वाचता आणि बदलता येणारा मूळ मजकूर) मिळण्याचा हक्क आणि बदललेला कोड त्याच यंत्रात चालवण्याचा हक्क यांत हमखास गल्लत होते. कोड खुला आहे, मग अडचण कसली, असे विचारले जाते.

लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळ्या-काळ्या रंगाचा, दोन अँटेनांचा राउटर २००२ च्या अखेरीस आला. त्यात लिनक्स ही खुली कार्यप्रणाली होती आणि लिनक्सचा जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना वितरकाला सोर्स द्यायला बांधून घालतो. त्यामुळे २००३ मध्ये कंपनीला तो जाहीर करावा लागला. पण खरी सोय निराळीच होती. ब्राउझरमध्ये राउटरचे सेटिंगचे पान उघडायचे, आपण तयार केलेली फर्मवेअरची, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, फाइल निवडायची आणि बटण दाबायचे. ती फाइल कोणाची, हे राउटर तपासत नसे. राउटरसाठी पर्यायी फर्मवेअर बनवणारा ओपनडब्ल्यूआरटीसारखा प्रकल्प २००४ मध्ये उभा राहू शकला तो या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे.

दूरचित्रवाणीचे कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करणाऱ्या अमेरिकेतल्या टिवो यंत्रातही लिनक्सच होते आणि कंपनीने सोर्सही दिला होता. मात्र पुढच्या मॉडेलांत, यंत्र सुरू होतानाच कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, डिजिटल सही तपासली जाई आणि ती कंपनीची नसेल तर यंत्र पुढे जातच नसे. कोड वाचता येई, सुधारताही येई. फक्त पैसे मोजून घरी आणलेल्या त्या डब्यात तो चालत नसे. परवान्यातले शब्द पाळूनही मालकाला त्याच्याच वस्तूबाहेर ठेवणारी ही व्यवस्था मला सरळ अन्यायाची वाटते.

हीच फट बुजवण्यासाठी २९ जून २००७ रोजी आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीने, घरगुती वापराच्या वस्तूंबाबत, सोर्सबरोबर तो बसवायला लागणारी माहिती आणि गरज पडल्यास डिजिटल सहीच्या किल्ल्याही देण्याची अट घातली. दुसऱ्या आवृत्तीतही संकलनाच्या (सोर्सपासून चालणारा प्रोग्राम बनवण्याच्या) आणि स्थापनेच्या स्क्रिप्ट द्याव्यात असे म्हटले आहे, पण त्याचा अर्थ किती ताणायचा यावर वाद आहे. लिनक्स कर्नल मात्र दुसऱ्या आवृत्तीवरच राहिले, आणि अँड्रॉइड फोन त्यावरच चालतात. म्हणून फोन घेताना कंपनीने कर्नलचा सोर्स दिला आहे एवढ्यावर भागत नाही. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कर्नल चालू करणारा प्रोग्राम, अनलॉक करता येतो का आणि त्यासाठी कंपनीची परवानगी घ्यावी लागते का, हे वेगळे पाहावे लागते.