बाई, बरोबर आलाय ना ‘ळ’?

दुसरीतल्या एका मुलाच्या वहीचं पान मी खिडकीशी धरलं, तर त्यातून बाहेरचा गुलमोहर दिसला. ‘ळ’च्या जागी भोक पडलं होतं. ‘ळ’ची दोन्ही वेटोळी हुबेहूब सारखी आली पाहिजेत म्हणून तो लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. बाळ, कमळ, फळा, शाळा... मराठीत हे अक्षर किती ठिकाणी ठाण मांडून बसलंय हे मला त्याच्यामुळे कळलं. आठवड्याला एक खोडरबर फस्त व्हायचं आणि वर्ग चार ओळी पुढे गेलेला असायचा.

ठाण्यातल्या एका मराठी शाळेत मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनाला जाते. बाईंनी त्याला माझ्याकडे पाठवलं ते ‘फार हळू लिहितो’ म्हणून. गंमत म्हणजे पहिलीत त्याला सुंदर अक्षराचं बक्षीस मिळालं होतं!

या आजाराला डॉक्टर ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणतात. आपल्याकडे मंत्रचळ हा जुना शब्द आहे आणि तो मला जास्त आवडतो. एकच गोष्ट घोकत राहणं त्या शब्दातच ऐकू येतं. नको असलेला विचार मनात घुसतो (हात घाण आहेत, अक्षर चुकलं, आईला काहीतरी होईल) आणि त्याची धास्ती घालवायला मूल एखादी कृती पुन्हा पुन्हा करतं. शाळकरी वयात साधारण 1 ते 2 टक्के मुलांना हा त्रास असतो. आपल्याकडे एका वर्गात पन्नास-साठ मुलं असतात, म्हणजे दोन वर्गांत मिळून एखादं तरी मूल असणार.

आता प्रत्येक लहान मूल थोडंफार मंत्रचळी असतंच. फरशीच्या रेघेवर पाय द्यायचा नाही, गोष्ट रोज त्याच शब्दांत हवी, वरणभात त्याच वाटीत हवा. पण अशा मुलाला मध्येच थांबवलं तर ते जरा रुसतं आणि खेळायला पळतं. ओसीडी असलेल्या मुलाला थांबवलं तर ते घाबरतं. दिवसाचा तासभर किंवा त्याहून जास्त वेळ यात जात असेल, मुलाला स्वतःलाच त्याचा जाच होत असेल, तर ती सवय राहिलेली नसते. शाळेत हे सहज निसटतं. मनातल्या मनात आकडे मोजणारं मूल ‘लक्ष नसलेलं’ ठरतं आणि सारखं नळाकडे जाणारं ‘कामचुकार’.

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरली की अलार्म वाजतो. मोटर बंद केली की तो थांबायला हवा. पण तोच बिघडला तर टाकी रिकामी असली तरी कोकलत राहतो. मेंदूतही असाच अलार्म असतो. डोळ्यांच्या वर, कपाळामागे असलेला मेंदूचा भाग ‘काहीतरी चुकलंय’ असा इशारा देतो. खोलवरचा स्ट्रायटम हा भाग त्यातले फालतू इशारे गाळतो. ओसीडीत ही गाळणी नीट चालत नाही, त्यामुळे इशारा थॅलॅमस या मेंदूच्या मधल्या भागामार्गे परत कपाळामागे येतो आणि फिरत राहतो. 1992 मध्ये अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ लुईस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांच्या मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं, की काही जण गोळ्यांनी बरे झाले, काही नुसत्या वर्तनोपचाराने, पण दोन्ही गटांत स्ट्रायटमच्या त्याच भागातली अतिरेकी धावपळ कमी झाली होती. वागणं बदललं तसा मेंदूही बदलला!

आणि इथेच माझी चूक झाली. मी बाईंना सांगितलं होतं, “घाबरलेला आहे हो, विचारेल तेव्हा धीर द्या.” तो वही घेऊन यायचा, “बाई, बरोबर आलाय ना ‘ळ’?” बाई प्रेमाने म्हणायच्या, “हो रे राजा, छान आलाय.” त्याचा चेहरा खुलायचा. पंधरा दिवसांत दिवसातून दोनदा येणारा मुलगा प्रत्येक ओळीनंतर टेबलाशी उभा राहायला लागला. आमचा ‘हो’ म्हणजे दुसरं खोडरबरच होतं. डास चावल्यावर खाजवलं की बरं वाटतं आणि खाज वाढते, तसं. कृती केल्यावर जी सुटका वाटते, तीच पुढच्या वेळी कृती करायला लावते.

यावरचा उपाय ऐकायला कठोर वाटतो: भीती येऊ द्यायची, पण कृती करायची नाही. 1966 मध्ये लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवर तो करून पाहिला. थांबलं की भीती चढते आणि हळूहळू उतरते, किंवा मुलाला कळतं की ती असतानाही काही बिघडत नाही. इतक्या लहान मुलांना हे झेपतं का? अमेरिकेत 2014 साली 5 ते 8 वर्षांच्या 127 मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आईवडिलांना सोबत घेऊन 14 आठवडे हा उपचार केलेल्यांपैकी 72 टक्के मुलं लक्षणीय सुधारली. शरीर सैल सोडायला शिकवलेल्या गटात 41 टक्के.

हा उपचार शिक्षकांनी करायचा नसतो, खोडरबर हिसकावून तर मुळीच नाही. पायऱ्या तज्ज्ञ ठरवतात, मुलाच्या संमतीने. आमच्याकडे पहिली पायरी होती, एका अक्षराला तीनदाच खोडायचं. मग दोनदा. त्या शंकेला वेगळं नाव द्यायला मुलांना सांगतात, म्हणजे भांडण मुलाशी नाही, तिच्याशी होतं. याने नाव ठेवलं ‘खोडोबा’. तो वही घेऊन आला की बाई आता बरोबर-चूक सांगत नाहीत, हळूच विचारतात, “कोण विचारतंय, तू की खोडोबा?” वर्गासमोर नाही, त्याच्या बाकाशी वाकून. फळ्यावरचं उतरवायचं काम काही दिवस निम्मं केलं, पण ते पुन्हा वाढवायची तारीखही तेव्हाच ठरवली. ही सवलत कायमची झाली असती तर खोडोबाच जिंकला असता. घरी आजी अजून “छान आहे हो” म्हणते, त्यावर काम चालू आहे.

खरी अडचण घरच्यांना तज्ज्ञाकडे नेण्याची होती. ठाण्यात 1901 पासून मनोरुग्णालय आहे, त्यामुळे ‘तुला ठाण्याला पाठवायला हवं’ हा विनोद मुंबईभर चालतो. ठाण्यातच राहणाऱ्या आईला तो जास्त बोचतो. “पोराला वेड लागलंय म्हणता का?” ती म्हणाली. तिला मी टाकीचा अलार्म सांगितला. वाढवण्यात तुमचं काही चुकलेलं नाही, हेही सांगितलं, कारण ते खरं आहे. याच ठाण्यात 1990 पासून मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे, आणि घरबसल्या बोलायचं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक. तिथे मराठीतही बोलता येतं.

गेल्या महिन्यात शुद्धलेखनाच्या वह्या तपासताना मी बाईंच्या शेजारी बसले होते. त्याच्या पानावर ‘कमळ’ होतं, डावं वेटोळं मोठं, उजवं चिमुकलं, आणि खोडल्याची खूण नाही. सवयीने बाईंचं लाल पेन त्या ‘ळ’भोवती गोल काढायला खाली आलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पुढची वही घेतली.