सीडीत आवाजाच्या 'पायऱ्या' पडतात का?

जुन्या रॉक गायकाचा सर्वोत्तम अल्बम कोणता, हा वाद रंगला की एक मुद्दा हमखास येतो: एलपीवर (सुईने वाजणाऱ्या जुन्या तबकडीवर) आवाज सलग असतो, सीडी त्याचे तुकडे करते, म्हणून खरं संगीत एलपीतच. सोबत पायऱ्यापायऱ्यांच्या रेषेचं चित्रही फिरतं.

चित्र कुणालाही पटेल असंच आहे. पण त्या पायऱ्या कानापर्यंत पोचतच नाहीत. सीडीवर आवाजाच्या सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात. त्यांच्या निम्म्यापर्यंतची, म्हणजे सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतची (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं) कंपनं त्या नोंदींवरून सलग लहर म्हणूनच पुन्हा उभी राहतात. हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. माणसाचा कान साधारण २०,०००पर्यंतच ऐकतो, आणि पन्नाशीनंतर तर बराच अलीकडे थांबतो. उलट एलपीची सुई बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच चालते, आत लेबलजवळ जेमतेम २१. तिथे तेवढीच कंपनं कमी लांबीत दाटतात, म्हणून एलपीच्या प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' खरखरतात.

मग एलपी गोड का वाटते? ते वाटणं खोटं नाही. १९९०नंतर अनेक सीडी-आवृत्त्यांमध्ये आवाज मोठा करण्यासाठी गाण्यातले चढउतार दाबून टाकले गेले. दोष त्या आवृत्तीचा, सीडीचा नव्हे.

पडताळायचं तर एलपी सीडीच्याच दर्जात संगणकावर उतरवून घ्या. मूळ एलपी आणि ही नक्कल, दोन्हींचा आवाज नीट सारखा करा (मोठा आवाज नेहमीच सरस भासतो) आणि मित्राला, तुम्हाला न सांगता, वीसेक वेळा अदलाबदल करायला लावा. किती वेळा बरोबर ओळखलंत, ते मोजा.