व्हर्च्युअल मशीनच्या साठवण-कार्यक्षमतेची चाचणी

व्हर्च्युअल मशीनला (पुढे व्हीएम) दिलेली डिस्क ठरावीक भाराखाली किती वेगाने वाचन-लेखन करते आणि प्रत्येक विनंतीला किती वेळ लावते, हे ठरलेल्या रीतीने मोजण्याची पद्धत. मापे तीन : सेकंदाला पूर्ण होणाऱ्या विनंत्या म्हणजे आयओपीएस, सेकंदाला वाहून नेलेली माहिती म्हणजे थ्रूपुट आणि विलंब म्हणजे लेटन्सी. व्हीएमला जी डिस्क दिसते ती प्रत्यक्षात होस्टवरची (व्हीएम ज्या खऱ्या यंत्रावर चालते त्यावरची) फाइल, लॉजिकल व्हॉल्यूम किंवा नेटवर्कपलीकडच्या स्टोरेजचा तुकडा असतो. गेस्टची (व्हीएममध्ये चालणाऱ्या प्रणालीची) फाइल सिस्टिम, ड्रायव्हर, हायपरव्हायजर (व्हीएम चालवणारे सॉफ्टवेअर), होस्टचा ब्लॉक थर, कंट्रोलर असा विनंतीचा प्रवास होतो, आणि वाटेत ठिकठिकाणी कॅश (तात्पुरती जलद साठवण) आणि रांगा असतात. त्यामुळे हाती येणारा आकडा डिस्कचा नसून वाटेचा असतो. विनंतीला उत्तर कोणत्या थराने दिले हे कळल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

इतिहास : आयबीएमच्या व्हीएम/३७० या प्रणालीत (१९७२) एका खऱ्या डिस्कचे सिलिंडर वाटून गेस्ट प्रणालींना ‘मिनिडिस्क’ देण्याची सोय होती, त्यामुळे या प्रश्नाचे मूळ तेथपर्यंत नेता येते. चाचणीची साधने मात्र खऱ्या यंत्रांसाठी घडली. टिम ब्रे यांचे बॉनी १९९०च्या सुमाराचे आहे. इंटेलने १९९८ मध्ये आयओमीटर आणले, ते पुढे मुक्तस्रोत झाले. लिनक्सच्या ब्लॉक थराची देखभाल करणारे येन्स अ‍ॅक्सबो यांनी साधारण २००५ पासून फायो विकसित केले. व्हीएमवेअरचे व्हीएममार्क २००७ मध्ये आले. त्यात वेगवेगळी कामे करणाऱ्या व्हीएमांचा संच म्हणजे एक ‘टाइल’, आणि होस्ट अशा किती टाइल पेलतो ते पाहिले जाते. हायपरव्हायजरच्या आतूनच विनंत्यांचे आकार, अंतरे आणि विलंब यांचे आलेख काढणारे व्हीस्कसीस्टॅट्सही त्याच सुमारास मांडले गेले, तर गेस्ट आणि हायपरव्हायजर यांना जोडणारे रस्टी रसेल यांचे व्हर्टआयओ हे ड्रायव्हर २००८ च्या आरंभी लिनक्सच्या २.६.२४ आवृत्तीतून बाहेर पडले. अनेक थरांचा हिशेब मागणाऱ्या आजच्या पद्धतीची सुरुवात २००७-०८ च्या आसपास धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

मापनाची जागा : गेस्टमध्ये मोजावे की होस्टवर, यावर दोन मते आहेत. अ‍ॅप्लिकेशनला जे सोसावे लागते ते गेस्टमध्येच दिसते, असे पहिल्या पक्षाचे म्हणणे. दुसऱ्या पक्षाचा आक्षेप असा, की व्हर्च्युअल सीपीयूला होस्टने बाजूला ठेवले तर तो वेळही डिस्कच्या खात्यावर पडतो. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरव्हायजरवरील ईएसएक्सटॉप हे साधन हा वाद बराचसा मिटवते. त्यात डीएव्हीजी हा उपकरणाचा विलंब, केएव्हीजी हा हायपरव्हायजरच्या गाभ्यातला विलंब आणि जीएव्हीजी ही दोघांची बेरीज. केएव्हीजी सतत २ मिलिसेकंदांच्या वर राहिला, तर विनंत्या रांगेत तुंबल्या आहेत असे समजतात. लिनक्सच्या केव्हीएम या हायपरव्हायजरवर गेस्टमधल्या फायोचे आकडे होस्टवरील आयओस्टॅट या साधनाशी ताडून पाहतात. गेस्टमध्ये १२ मिलिसेकंद आणि त्याच वेळी होस्टवर २ दिसत असतील, तर डिस्क बदलून काही होणार नाही. परिणाम गेस्टमध्ये आणि कारण होस्टवर शोधावे, हेच व्यवहारात टिकते.

रांगेची खोली : खोली म्हणजे एका वेळी वाटेत असलेल्या, अजून पूर्ण न झालेल्या विनंत्यांची संख्या. सर्वाधिक गफलती येथे होतात. लिटलच्या नियमानुसार वाटेत असलेल्या विनंत्यांची सरासरी संख्या म्हणजे आयओपीएस गुणिले सरासरी विलंब. ३२ विनंत्या वाटेत ठेवून ४,००० आयओपीएस मिळत असतील, तर विलंब ८ मिलिसेकंद असलाच पाहिजे. अहवालात १ मिलिसेकंद लिहिले असेल, तर एकतर खोली ३२ पर्यंत गेलीच नाही किंवा मोजणी चुकली. फायोमध्ये ‘आयओडेप्थ’ (प्रत्येक कामाची खोली) ३२ आणि ‘नमजॉब्स’ (एकाच वेळी चालणारी कामे) ४ दिले की एकूण मागणी १२८ ची होते. व्हीएमवेअरच्या पीव्हीस्कसी या व्हर्च्युअल डिस्क- अ‍ॅडॅप्टरवर एका डिस्कची मूळ मर्यादा ६४ असल्याने उरलेल्या विनंत्या गेस्टमध्येच ताटकळतात, आणि दोष मात्र स्टोरेजला दिला जातो. उलट चूकही नेहमीची आहे. एक विनंती पूर्ण झाल्यावरच दुसरी पाठवणाऱ्या ‘पीसिंक’सारख्या समकालिक इंजिनाबरोबर आयओडेप्थ कितीही लिहिली तरी ती १ च राहते. लिबएआयओ हे असमकालिक इंजिन घेऊन ‘डायरेक्ट’ (गेस्टची कॅश टाळण्याचा पर्याय) १ करायचे राहिले, तरी तोच प्रकार. प्रत्यक्षात गाठलेली खोली फायोच्या निकालात ‘आयओ डेप्थ्स’ या ओळीत छापलेली असते. ती ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. आयडीई या जुन्या जोडणीची नक्कल करणाऱ्या डिस्कवर एका वेळी एकच विनंती जाते, म्हणून तिच्यावरून खोल रांगेची चाचणी घेण्यात अर्थ नाही.

कॅश : केव्हीएमबरोबर व्हीएमची उपकरणे पुरवणाऱ्या क्यूईएमयूमध्ये कॅशच्या ‘नन’ या पर्यायात होस्टची पेज कॅश टाळली जाते, पण डिस्कची स्वतःची राइट कॅश चालू राहते. ‘राइटबॅक’मध्ये लेखन होस्टच्या रॅममध्ये पोचले की पूर्ण मानतात. ‘राइटथ्रू’ प्रत्येक लेखन खालपर्यंत पोचवते. ‘अनसेफ’ गेस्टने मागितलेला फ्लश (कॅशमधला मजकूर डिस्कवर उतरवण्याचा हुकूम) चक्क दुर्लक्षित करते. चाचणीची फाइल गेस्टच्या रॅमच्या दुप्पट ठेवावी हा जुना दंडक राइटबॅकमध्ये अपुरा पडतो, कारण तेथे होस्टची रॅम मोजावी लागते. फ्लश खरा आहे की नाही हे तपासायला साधे गणित पुरते. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या चकतीला एका फेरीस ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणून एकाच धाग्यातून प्रत्येक लेखनानंतर एफसिंक (फ्लशची मागणी) केल्यास सेकंदाला सुमारे १२० च्या वर जाणे कठीण. तेथे हजारो दिसले, तर मध्ये बॅटरीवाली कॅश असलेला कंट्रोलर आहे किंवा कोणीतरी खोटे बोलत आहे.

रिकामी डिस्क : थिन प्रोव्हिजनिंगच्या (लेखन होईल तशी जागा घेणाऱ्या) डिस्कवर ज्या भागात कधी लिहिलेलेच नाही, तो वाचायला गेल्यास हायपरव्हायजर डिस्कला हात न लावता शून्ये परत करतो, आणि अविश्वसनीय आयओपीएस मिळतात. पहिल्या लेखनाला मात्र जागा राखण्याचा आणि शून्ये भरण्याचा भुर्दंड पडतो. म्हणून चाचणीआधी पूर्ण डिस्क एकदा लिहून घेतात. त्यासाठी डीडी या आज्ञेने शून्ये ओतणे हा चुकीचा उपाय आहे, कारण कॉम्प्रेशन किंवा डीडुप (सारख्या मजकुराची एकच प्रत ठेवणे) असलेले स्टोरेज ती गिळून टाकते. यादृच्छिक मजकूर हवा. एसएसडीसाठी एसएनआयए या स्टोरेज उद्योगाच्या संघटनेचा मापदंड याहून कडक आहे. आधी क्षमतेच्या दुप्पट सलग लेखन, मग सलग ५ फेऱ्यांत कमाल-किमान फरक सरासरीच्या २० टक्क्यांत आणि सरळ रेषेचा उतार १० टक्क्यांत आल्यावरच स्थिरावस्था मानायची. सामायिक स्टोरेजवर हे काटेकोर पाळणे सहसा जमत नाही. क्यूकाऊ२ या क्यूईएमयूच्या प्रकारच्या डिस्क-फाइलचे एक जास्तीचे दुखणे आहे. ६४ किलोबाइटच्या क्लस्टरला १ मेगाबाइटची एल२ कॅश (मजकूर फाइलमध्ये कोठे आहे हे सांगणाऱ्या तक्त्याची कॅश) फक्त ८ गिगाबाइटपर्यंतचा भाग झाकते. त्याबाहेर विखुरलेले वाचन केले की प्रत्येक विनंतीमागे तक्त्याचे वाचन वाढू शकते. क्यूईएमयूच्या ३.१ आवृत्तीपासून लिनक्सवर ही कॅश ३२ मेगाबाइटपर्यंत वाढू दिली जाते, म्हणजे २५६ गिगाबाइटपर्यंत निभते.

कृती : गेस्टच्या मूळ डिस्कवर नव्हे, तर वेगळी जोडलेल्या डिस्कवर चाचणी घ्यावी. लेखन-चाचणीत त्या डिस्कवरचा मजकूर पुसला जातो. सर्वसाधारण मिश्र भारासाठी ४ किलोबाइटचे ब्लॉक, विखुरलेली ७० टक्के वाचने आणि ३० टक्के लेखने घेतात. सुरुवातीची ६० सेकंदे ‘रॅम्प_टाइम’ म्हणून सोडून पुढची किमान ३०० मोजावीत. खोली १, ४, १६, ६४ अशी वाढवत न्यावी. आयओपीएस थबकून फक्त विलंब वाढू लागला की वाट भरली. सरासरीपेक्षा ९९ आणि ९९.९ शतमक (तेवढे टक्के विनंत्या ज्या विलंबाच्या आत पूर्ण होतात तो) पाहावा, कारण डेटाबेस अडतो तो त्या टोकाशी. विंडोजवर हेच डिस्कएसपीडी या साधनाने करता येते.

अनेक व्हीएम : प्रत्येक व्हीएम सलग वाचत असली तरी होस्टवर त्यांच्या विनंत्या एकमेकांत मिसळून विखुरलेल्या होतात. एकाच व्हीएमवर मिळालेला थ्रूपुट दहाने भागून दहा व्हीएमांचा अंदाज बांधणे म्हणूनच चुकते. सर्वांवर एकाच क्षणी चाचणी सुरू करावी लागते.

क्लाउडवर आणखी एक सापळा असतो. अ‍ॅमेझॉनच्या जीपी२ प्रकारच्या लहान डिस्कला गिगाबाइटमागे ३ आयओपीएसचा पाया आणि ३,००० पर्यंत उसळी मिळते. ५४ लाख विनंत्यांचे क्रेडिट (उसळीसाठी साठवलेली शिल्लक) पूर्ण भरलेले असल्यास ही उसळी निदान ३० मिनिटे टिकते. १०० गिगाबाइटच्या अशा डिस्कवर पाच मिनिटांची चाचणी ३,००० दाखवते, आणि रात्रभर चालणारा बॅकअप ३०० वर येऊन बसतो.