बर्फाच्या कारखान्यातला अमोनिया

गोव्यात 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. कुटबण, मालीम, खारीवाडा इथल्या ट्रॉलरांना बर्फ पुरवणाऱ्या कारखान्यांना यंत्रांच्या दुरुस्तीसाठी याहून सोयीचा काळ नाही, आणि ज्याच्या बळावर बर्फाची लादी गोठते त्या अमोनियाकडे नीट लक्ष देण्यासाठीही नाही.

अमोनिया उणे 33 अंश सेल्सिअसला उकळतो आणि उकळताना भोवतालची उष्णता भराभर ओढून घेतो. मात्र द्रवरूपात बाहेर सुटला, की त्याचा वायू सुमारे 850 पट जागा व्यापतो, आणि पाण्याची त्याला इतकी ओढ असते की डोळे, घसा, घामेजलेली काख आधी भाजते. भोपाळनंतर, 1987 साली, कारखाने कायद्यात झालेल्या दुरुस्तीने आठ तासांच्या पाळीसाठी हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे 25 भाग ही मर्यादा घालून दिली. वास त्याच्या आधीच येतो हे खरे. पण रोज त्याच हवेत वावरणाऱ्याचे नाक सरावते, म्हणून नाकावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. जुने ऑपरेटर गंधकाची पेटती काडी सांध्याजवळ धरतात; गळती असेल तिथे दाट पांढरा धूर उठतो.

खरा धोका तेल काढताना असतो. कॉम्प्रेसरमधले वंगण तेल अमोनियासोबत वाहत जाते आणि द्रव अमोनियापेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साचते. ते थंडीने घट्ट झालेले असते, बादलीत थेंबथेंब पडते, म्हणून कंटाळलेला ऑपरेटर व्हॉल्व्ह आणखी उघडतो आणि तेवढ्यात दुसऱ्या कामाला जातो. तेल संपताच त्याच वाटेने अमोनिया उसळतो, आणि मग परत येऊन व्हॉल्व्ह बंद करायला त्या धुक्यात शिरावे लागते. यावरचा उपाय स्वस्त आहे: नेहमीच्या व्हॉल्व्हपुढे स्प्रिंगचा दुसरा व्हॉल्व्ह बसवावा, जो हाताने दाबून धरला तरच उघडा राहतो. त्याची मूठ दोरीने बांधून ठेवणे म्हणजे तो काढून टाकण्यासारखेच आहे. शिवाय तेल काढण्याआधी ती टाकी बाकीच्या यंत्रणेपासून तोडून तिच्यातला दाब उतरवावा, आणि हे काम एकट्याकडे कधीही सोपवू नये.

जानेवारी 2018 मध्ये गोव्यातल्या चिखलीजवळ अमोनियाचा टँकर उलटला, तेव्हा आसपासच्या लोकांना रात्री घरे सोडावी लागली. अमोनिया हवेहून हलका असला, तरी द्रवातून सुटलेले त्याचे थंड धुके जमिनीलगत पसरते; म्हणून वाऱ्याला आडवे चालत त्याच्या वाटेतून बाहेर पडावे. धुक्यावर पाण्याचा फवारा मारल्यास वायू विरघळतो, पण सांडलेल्या द्रवावर पाणी ओतल्यास तो अधिक जोराने उकळतो. डोळ्यांत गेल्यास वाहत्या पाण्याने किमान 15 मिनिटे धुवावे लागते, त्यामुळे नळ यंत्रघराच्या जवळ हवा. मास्क मात्र यंत्रघराच्या दाराबाहेर टांगलेला असावा. आत टांगलेला मास्क गळतीच्या वेळी हाती लागत नाही.