गेटिसबर्गचे जर-तर आले कुठून?

‘आत्याबाईला मिशा असत्या तर’ म्हणत कल्पित इतिहासाची खिल्ली उडवणं सोपं आहे. पण ‘अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) गुलामगिरीसाठी फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं, म्हणजे दक्षिण, जिंकली असती तर’ या विषयावरच्या कथा-कादंबऱ्या वाचताना जाणवतं की त्यातले बरेचसे ‘जर’ लेखकांना सुचलेले नाहीतच. हरलेल्या सेनापतींनी युद्धानंतर एकमेकांच्या डोक्यावर खापर फोडताना ते घडवले. कादंबरीकारांना ते आयते मिळाले.

लढाई थोडक्यात अशी. जून १८६३ मध्ये रॉबर्ट ली दक्षिणेचं सुमारे ७५ हजारांचं सैन्य घेऊन पेनसिल्व्हेनियात घुसला. १ ते ३ जुलै असे तीन दिवस गेटिसबर्ग या लहानशा गावाभोवती त्याची उत्तरेच्या जॉर्ज मीडशी झुंज झाली. मीडला सेनापतिपद मिळून जेमतेम तीन दिवस झाले होते. दोन्हीकडचे मिळून सुमारे ५० हजार सैनिक मेले, जखमी झाले, पकडले गेले किंवा बेपत्ता झाले. ली मागे हटला.

ली १८७० मध्ये वारला आणि दक्षिणेत बघता बघता त्याचा देव झाला. देव चुकत नसतो, म्हणजे चूक दुसऱ्या कुणाची तरी असणार. जुबाल अर्ली या त्याच्या जुन्या सेनाधिकाऱ्यानं १८७२ मध्ये भाषणात बोट दाखवलं ते लीच्या हाताखालचा सेनापती जेम्स लाँगस्ट्रीट याच्याकडे: त्यानं दुसऱ्या दिवशी हल्ल्याला उशीर केला, म्हणून लढाई हातची गेली. पुढच्याच वर्षी लीचा तोफखानाप्रमुख पेंडल्टन यानं ‘हल्ल्याचा हुकूम सूर्योदयाचा होता’ अशी पुस्ती जोडली. असा हुकूम आपल्याला ठाऊक नाही, असं लीच्याच कचेरीतल्या अधिकाऱ्यांनी लाँगस्ट्रीटला लिहून कळवलं, पण ऐकतो कोण! लाँगस्ट्रीटचा खरा गुन्हा वेगळा होता. युद्धानंतर तो उत्तरेचा राष्ट्राध्यक्ष लिंकन याच्या रिपब्लिकन पक्षात गेला होता, आणि १८७४ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यावर कृष्णवर्णीय शिपायांचं नेतृत्व करत गोऱ्या बंडखोरांसमोर उभा राहिला.

दुसरा ‘जर’ लीचा नावाजलेला सेनापती स्टोनवॉल जॅक्सन याचा. मे १८६३ मध्ये चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईत तो आपल्याच माणसांच्या गोळ्यांनी जखमी झाला आणि आठ दिवसांनी वारला. गेटिसबर्गच्या पहिल्या संध्याकाळी लीनं आपला दुसरा सेनापती युएल याला कळवलं, जमण्यासारखं असेल तर सेमेटरी हिल ही टेकडी घ्या. युएलला ते जमण्यासारखं वाटलं नाही. जॅक्सन असता तर घेतलीच असती, हे मग दक्षिणेत पिढ्यान् पिढ्या घोकलं गेलं. गंमत म्हणजे त्या संध्याकाळी युएलच्या हाताखाली, टेकडीच्या समोरच, अर्ली होता. स्वतःबद्दल मात्र त्याची तक्रार नव्हती.

तिसरा ‘जर’ लिटल राउंड टॉपचा, आणि गोष्ट म्हणून हाच सगळ्यात बळकट. दुसऱ्या दिवशी दुपारी ही टेकडी जवळजवळ रिकामी असल्याचं उत्तरेच्या वॉरनच्या ध्यानात आलं आणि अगदी ऐनवेळी तिथे तुकड्या धावल्या. दक्षिणेची पंधरावी अलाबामा पलटण उन्हात मैलोन् मैल चालून थेट हल्ल्यावर आली होती. पाणी भरायला पाठवलेली माणसं वाटेतच पकडली गेली, त्यामुळे बाकीचे तहानलेलेच चढले. वर उत्तरेच्या, मेन राज्यातल्या विसाव्या पलटणीची काडतुसं संपत आली, तेव्हा तिचा प्रमुख चेंबरलेन यानं संगिनी लावून उतारावरून धाव घ्यायला लावली. इथे पाच-दहा मिनिटं इकडची तिकडे झाली असती तर काय, हे विचारायला कादंबरीकार लागत नाही.

तिसऱ्या दिवशी सुमारे साडेबारा हजार माणसं उघड्या शेतातून तोफांच्या तोंडी गेली आणि निम्मी परतली नाहीत. हा हल्ला का फसला, असं विचारल्यावर त्या हल्ल्यातला एक सेनापती जॉर्ज पिकेट म्हणाल्याचं सांगतात की यात यँकींचाही (म्हणजे उत्तरेच्या सैन्याचाही) काही हात असावा, असं मला नेहमी वाटत आलंय. या सगळ्या वादातलं सर्वांत शहाणं वाक्य हेच. कारण बाकीचे ‘जर’ लीच्या छावणीतले आहेत, आणि मीडचं सैन्य जणू निकालाची वाट बघत बसलं होतं.

विन्स्टन चर्चिलनं १९३० मध्ये हा डाव उलटा मांडला. ली जिंकलेल्या जगातला इतिहासकार ‘ली हरला असता तर’ अशी कल्पना करतो. त्या जगात जिंकलेला ली गुलामगिरी स्वतःच रद्द करून टाकतो. ही सोय फार सोईस्कर आहे. प्रत्यक्षात याच मोहिमेत लीच्या सैन्यानं पेनसिल्व्हेनियातल्या कृष्णवर्णीयांना, स्वतंत्र असलेल्यांनासुद्धा, पकडून दक्षिणेत पाठवलं. तिसऱ्या दिवशीचा हल्ला जिथे येऊन आदळला, तिथे एब्राहम ब्रायन या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याचं शेत होतं. तो आधीच कुटुंबासह गाव सोडून गेला होता. परतल्यावर त्यानं हजार डॉलरहून जास्त भरपाई मागितली, मिळाले १५. त्याच्या बाजूनं ‘जर’ विचारणारं या साहित्यात फार थोडं आहे.

वॉर्ड मूरच्या १९५३ च्या कादंबरीत हरलेली उत्तर दरिद्री, मागासलेली आहे. तिथला एक इतिहासकार काळात मागे जाऊन ही लढाई बघायला जातो आणि त्याच्या नुसत्या तिथे असण्यानं दक्षिणेचा विजय हुकतो. अभ्यासकानंच पुरावा बिघडवावा, ही कल्पना मला आजही या प्रकारातली सर्वोत्तम वाटते.

या सगळ्या ‘जर’मध्ये एक कच्चा दुवा मात्र राहतोच. ४ जुलैला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, मिसिसिपी नदीकाठचं दक्षिणेचं ठाणं व्हिक्सबर्ग उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्या हाती पडलं. गेटिसबर्ग जिंकूनही ली ते थांबवू शकला नसता. लेखक मॅकिन्ले कँटरनं १९६० मध्ये हे ओळखलं होतं. दक्षिणेला जिंकवण्यासाठी त्यानं गेटिसबर्गच्या जोडीला ग्रँटलाही घोड्यावरून पाडून मारलं. कादंबरीकार हॅरी टर्टलडव्हनं १९९७ मध्ये गेटिसबर्गचा नादच सोडला आणि सप्टेंबर १८६२ गाठला. तेव्हा लीचा गुप्त हुकूम तीन चिरुटांभोवती गुंडाळलेला शेतात पडला होता आणि उत्तरेच्या शिपायांना सापडला. त्यातून अँटिटमची लढाई झाली, लीला मागे हटावं लागलं, आणि लढाईनंतर पाच दिवसांनी लिंकननं गुलाममुक्तीची घोषणा केली. टर्टलडव्हच्या जगात तो कागद उत्तरेच्या हाती लागतच नाही, ब्रिटन आणि फ्रान्स दक्षिणेला मान्यता देतात आणि गेटिसबर्गची लढाई होतच नाही.