धुराडे : पूरक साधने

चुलीचा किंवा भट्टीचा धूर छपराबाहेर नेणारे विटांचे वा नळाचे उभे बांधकाम. ठाणे व नवी मुंबईच्या दमट हवेत भिंतीतली शेकोटी विरळाच; त्यामुळे येथे धुराडे म्हणजे मुख्यतः चुलीचे. चेंदणी कोळीवाडा, दिवाळे, घणसोली अशा जुन्या वस्त्यांतील कौलारू घरांत निराळे धुराडे सहसा नसे. चुलीचा आणि वैलाचा (चुलीला जोडलेल्या दुसऱ्या तोंडाचा) धूर कौलांच्या फटींतून निघून जाई. छपराच्या जागी स्लॅब आला की ती वाट बुजते आणि धुराडे अपरिहार्य होते.

बिनधुराच्या, म्हणजे धूर धुराड्यातून बाहेर सोडणाऱ्या, चुलीचा आरंभ काही जण वर्ध्याच्या मगन चुलीपासून, म्हणजे साधारण १९४० च्या दशकापासून, मानतात. काही जण हैदराबादेत एस. पी. राजू यांनी १९५३ च्या सुमारास मांडलेल्या चुलीपासून. धुराडे जोडण्याची कल्पना याहून जुनी असल्याने पहिलेपणाचा वाद फारसा फलदायी नाही. ओढ (धुराड्यातून धूर वर खेचला जाण्याचा जोर) कमीजास्त करणाऱ्या पत्र्याच्या झडपेचे श्रेय मात्र राजूंच्या चुलीला देणे अधिक सयुक्तिक वाटते. १९८० च्या दशकातील सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने धुराड्याच्या चुली देशभर नेल्या.

टोपी. जून ते सप्टेंबरच्या पावसात हे सर्वांत गरजेचे साधन. नळाचे तोंड आणि टोपी यांत व्यासाच्या किमान चौथा हिस्सा अंतर लागते, कारण तेवढ्यानेच बाजूची मोकळी जागा नळाच्या छेदाएवढी होते. म्हणजे १० सेंमी. नळाला २.५ सेंमी.; पण काजळी धरते म्हणून ५ सेंमी. ठेवावे. टोपी नळाच्या दुप्पट रुंद असली तर तिरका पाऊस बराच अडतो. टोपी खाली दाबून बसवणे ही नेहमीची चूक. मग धूर उलटा स्वयंपाकघरात येतो. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत जस्ती पत्रा लवकर गंजतो, तेथे ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील टिकते.

जाळी. पाखरांची घरटी आणि ठिणग्या अडवते. जाळीचे एकेक छिद्र १२ मिमी.च्या आसपास असावे. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी काजळीने पाहता पाहता बुजते.

झडप. चूल पेटवताना पूर्ण उघडी, जाळ धरला की अर्धवट. निखारे धगधगत असताना ती मिटली तर कार्बन मोनॉक्साइड घरात साचतो. त्याला वास नसतो, म्हणून तो ध्यानात येत नाही आणि जीव घेतो. यासाठी झडपेचा एक कोपरा कापून ठेवावा, म्हणजे ती कधीच पुरती बंद होत नाही.

सफाईचे दार. धुराड्याच्या तळाशी, घट्ट बसणारे. फट राहिल्यास थंड हवा आत शिरून ओढ मंदावते. रोजच्या चुलीला महिन्यातून एकदा वरून दोरीला बांधलेला काथ्याचा बोळा फिरवून काजळी खाली पाडावी. ओल्या लाकडाची काजळी डांबरासारखी चिकट होते, खरवडून निघत नाही आणि पुढे आत पेट घेते.

पत्र्याची झालर. कौले आणि धुराडे यांच्या सांध्यात. वरच्या अंगाला ती कौलांखाली जाते, खालच्या अंगाला कौलांवर येते. नुसता सिमेंटचा लेप तापण्या-निवण्याने तडकतो आणि पहिल्याच पावसात गळती लागते.

धुराड्याचे तोंड ३ मीटर अंतरातील छपराच्या भागापेक्षा किमान ६० सेंमी. उंच असावे. गावठाणात शेजारी उंच इमारत उभी राहिली की वारा खाली दबतो, आणि कधी कधी उंची वाढवूनही पुरत नाही.